वेगळा पॉवर ॲम्प घ्यावा का? आणि तंबोरा कुठं गेला?



मागच्या खेपेला स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवावेत यावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातल्या निम्म्यांत शेवटी एकच प्रश्न होता: "माझ्याकडे एव्ही रिसीव्हर आहे. त्याला वेगळा पॉवर ॲम्प जोडला तर गाण्याचा आवाज सुधारेल का?"

छोटं उत्तर: कधी कधी. मोठं उत्तर द्यायचं तर मला आमच्या घरातली गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगावी लागेल. गोष्टीत आकडेमोड आहे, पण आपल्यातले निम्मे लोक इंजिनिअर आहेत आणि उरलेल्यांची लग्नं इंजिनिअरांशी झालेली आहेत, तेव्हा चालवून घ्या :-)

आधी दोन ओळींत मूळ मुद्दा. कुठल्याही ॲम्प्लिफायरच्या पोटात दोन कामं चालतात. पहिलं काम प्री-ॲम्पचं: कुठलं यंत्र ऐकायचं ते निवडणं आणि आवाज कमी-जास्त करणं. दुसरं काम पॉवर ॲम्पचं: तो छोटासा सिग्नल स्पीकरचा पडदा हलवण्याइतका दणकट करणं. बहुतेक डब्यांत ही दोन्ही कामं एकत्र असतात. पण काही रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' नावाची भोकं असतात. तिथून सिग्नल बाहेर काढून दुसऱ्या पॉवर ॲम्पला देता येतो. ही काही नवी कल्पना नाही. १९७८ साली आलेला नॅड ३०२० हा छोटा, स्वस्त ॲम्प जगभर गाजला, त्याच्याही मागे प्री आणि पॉवर वेगळे करायची सोय होती. तुमच्या रिसीव्हरला प्री-आउट नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पण वाचा. शेवटचा भाग ॲम्पबद्दल नाहीये.

तर गोष्ट अशी. बाबा नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी मिरजेहून इथे केलीव्हिलला आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, पण खरा जीव गाण्यात. मिरजेत राहून गाण्यात जीव नसेल तर तो माणूस शोधावाच लागेल. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारा संगीत महोत्सव बाबांनी कळायला लागल्यापासून चुकवलेला नाही. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी मला फोन करून अशी बातमी दिली, जणू आमच्याच घरी पुरस्कार आलाय.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत त्यांना सोफ्यावर बसवलं आणि पंडित भीमसेन जोशींची तोडी लावली. रिसीव्हर नवा, स्पीकर चांगले पुरुषभर नाही तरी कमरेपर्यंत उंचीचे. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आवाज चांगलाय रे. पण तंबोरा कुठं गेला?"

"वाजतोय की बाबा."

"मागं कुठंतरी असंल. मला काय येत नाही. जरा मोठं कर."

मोठं केलं. अजून मोठं केलं. आता तबला कर्कश झाला. 'धा' मधला डग्ग्याचा गोलावा जाऊन पत्र्यावर थाप मारल्यासारखं वाजायला लागलं, आणि पंडितजींची तार सप्तकातली तान कानाला टोचू लागली. बाबा म्हणाले, "आमचा जुना टेपरेकॉर्डर बरा होता की."

झालं! माझ्यातला इंजिनिअर दुखावला. त्याच रात्री मी पॉवर ॲम्प शोधायला सुरुवात केली.

आधी हिशोब

कुठलाही ॲम्प विकत घेण्याआधी हा हिशोब कागदावर करा. फुकट आहे.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' असते. माझ्या स्पीकरची ८७ डेसिबल आहे. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. (८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट. कंपन्या हे मोठ्याने सांगत नाहीत.) माझा सोफा तीन मीटरवर. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल कमी होतात, पण दोन स्पीकर आणि भिंतींवरून परत येणारा आवाज यांमुळे पाच-सहा परत मिळतात. म्हणजे एका वॅटला सोफ्यावर ढोबळमानाने ८३ डेसिबल.

मी एकटा ऐकतो तेव्हा सरासरी ७३ डेसिबल मला भरपूर होतात. ते दहा डेसिबल कमी, म्हणजे एक दशांश वॅट. हो, ०.१ वॅट! संगीतातले अचानक येणारे उंचवटे, तबल्याची थाप किंवा सम, हे सरासरीपेक्षा वीस डेसिबल वर जाऊ शकतात. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट. तरीही फक्त १० वॅट. कुठलाही रिसीव्हर हे झोपेत करेल.

आता बाबांचा आवाज घ्या. ते माझ्यापेक्षा दहा डेसिबल मोठं ऐकत होते. कानाला हे साधारण दुप्पट मोठं वाटतं, पण ॲम्पला दहा पट ताकद लागते. सरासरी १ वॅट, उंचवट्याला १०० वॅट. इथे गोष्ट बदलते.

रिसीव्हरच्या खोक्यावर '१०० वॅट' लिहिलेलं होतंच की! पण खालची बारीक अक्षरं वाचा. ते १०० वॅट अनेकदा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्‌झला आणि एकच चॅनल चालू असताना मोजलेले असतात. सात चॅनलचा रिसीव्हर एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगत असतो. मागच्या पट्टीवर वीज किती खातो ते बघा. तिथे ५०० वॅट लिहिलं असेल तर सात गुणिले शंभर कुठून येणार? हा काही पक्का पुरावा नाही, पण अंदाज येतो.

शिवाय माझे स्पीकर नावाला ६ ओहमचे. प्रत्यक्षात डग्गा जिथे बोलतो त्या शंभर हर्ट्‌झच्या आसपास ते ३.२ ओहमपर्यंत खाली येतात. ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे २८.३ व्होल्ट. तेवढेच व्होल्ट ३.२ ओहमवर टाकले तर जवळजवळ ९ ॲम्पिअर करंट लागतो. रिसीव्हरला तो देता येत नाही, मग लाटेचा माथा सपाट कापला जातो. तोच तो पत्र्याचा आवाज.

म्हणजे बाबांची दुसरी तक्रार खरी होती आणि तिचं औषध पॉवर ॲम्पच होतं. पहिली तक्रार, तंबोऱ्याची, मी या सगळ्या आनंदात विसरलो. त्यावर नंतर येतो.

काय बघून घ्यावा

माझे दोन महिने यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून यादी:

१) वॅटमागे धावू नका. ५० चे १०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. ऐकणाऱ्याला 'थोडंसं मोठं' एवढंच वाटतं. ८० वॅटच्या रिसीव्हरला १०० वॅटचा पॉवर ॲम्प जोडणं म्हणजे पैसे वाया.

२) ४ ओहमचा आकडा बघा. दोन्ही चॅनल चालू, २० ते २०,००० हर्ट्‌झ, ०.१ टक्का किंवा त्याहून कमी डिस्टॉर्शन, अशा अटींवर दिलेले वॅट खरे. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १६०-१८० असेल तर पॉवर सप्लाय दणकट आहे. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल तर का दिला नाही ते ओळखा.

३) गेन जुळवा. हे कुणी सांगत नाही. पॉवर ॲम्पचा गेन साधारण २६ ते २९ डेसिबल असतो. २९ डेसिबल म्हणजे सुमारे २८ पट. एक व्होल्ट आत दिला की २८ व्होल्ट बाहेर, म्हणजेच वरचे १०० वॅट. तुमच्या रिसीव्हरचा प्री-आउट एक-दीड व्होल्ट स्वच्छ देतो का ते बघा. बहुतेक देतात. पण फार कमी गेनचा ॲम्प घेतलात तर रिसीव्हरचा प्री-ॲम्पच आधी दमेल आणि तुम्ही नव्या ॲम्पला शिव्या द्याल.

४) डॅम्पिंग फॅक्टरला भुलू नका. स्पीकरचा ओहम भागिले ॲम्पचा आतला ओहम म्हणजे हा आकडा. जाहिरातीत ५००, १००० असे आकडे येतात. स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा रोध आणि तुमची वायर मध्ये असतेच, त्यामुळे पन्नासाच्या वर फरक जवळपास शून्य. इथे सिडनीकरांनी थोडी कॉलर ताठ करावी. स्पीकरचं खोकं आणि त्यातलं भोक किती मोठं ठेवावं याचं गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली मांडलं, आणि रिचर्ड स्मॉलने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात ते पुढे नेलं. आज जगातल्या कुठल्याही स्पीकर युनिटच्या माहितीपत्रकात 'थील-स्मॉल' आकडे असतात ते यांच्यामुळे. ते गणित ॲम्पचा आतला रोध नगण्य आहे असं धरून मांडतात. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो नगण्य असतोच. व्हॉल्व्हचे ॲम्प घेणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावं.

५) उष्णता. क्लास ए ॲम्पची कीर्ती मोठी आहे. पण २५-२५ वॅटचा खरा क्लास ए ॲम्प गाणं सुरू नसतानाही निदान १०० वॅट जाळत बसतो. ४ जानेवारी २०२० ला आमच्यापासून फार लांब नसलेल्या पेनरिथला ४८.९ डिग्री तापमान नोंदलं गेलं. अशा गावात हॉलमध्ये हीटर लावून मल्हार ऐकायचा? डेन्व्हर-टोरांटोच्या मंडळींनी खुशाल घ्यावा, हीटरचं बिल वाचेल.

६) क्लास डी आता वाईट राहिलेला नाही. कॉलेजात असताना 'डी' म्हणजे गाडीतला धडधड बूमबॉक्स असं आमचं मत होतं. ब्रूनो पुत्झेस या इंजिनिअरने आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांसाठी केलेल्या कामानंतर ते मत बदलावं लागतं. डिस्टॉर्शन मोजायला महागडं यंत्र लागेल इतकं कमी, वजन चार-पाच किलो, आणि हात लावला तर कोमट. ही मॉड्यूल वापरून अनेक लहान कंपन्या ॲम्प बांधतात.

७) व्होल्टेज. आपल्यासारख्या फिरस्त्यांसाठी हे महत्त्वाचं. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. मागे निघणारी वायर असेल तर फक्त वायर बदला, काम झालं. अमेरिकेतून इकडे येणाऱ्यांनी १२० व्होल्टचा जड ॲम्प कंटेनरमध्ये टाकण्याआधी विचार करा, कारण त्याला तेवढाच जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. स्विचिंग सप्लायवाले बरेच ॲम्प १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण सगळे नाही. मागची पट्टी वाचूनच प्लग लावा.

८) जुना घेताना मल्टीमीटर घेऊन जा. काही वाजत नसताना स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. तीस वर्षं जुन्या ॲम्पचे कपॅसिटर सुकलेले असू शकतात, तो खर्च किंमतीत धरा.

९) घूं घूं आवाज आला तर बहुधा ग्राउंड लूप असतो. टीव्हीच्या अँटेनाची वायर काढून बघा, निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. प्लगची अर्थची पिन काढून आवाज घालवणारे महाभाग मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. घरात लहान मुलं आहेत.

१०) १२ व्होल्ट ट्रिगर. रिसीव्हर चालू केला की ॲम्प आपोआप चालू होतो. आमच्या घरी ही अट बायकोने घातली होती: "रिमोट एकच राहील, नाहीतर ॲम्प गराजमध्ये राहील." रास्त आहे.

शेवटी मी गमट्रीवर एक वापरलेला क्लास एबी ॲम्प ६५० डॉलरला घेतला. ८ ओहमला १२५, ४ ओहमला २०० वॅट. वजन सतरा किलो. ट्रिगर आहे. पुढे गेनची बटणं आहेत, जी पुढच्या भागासाठी फार उपयोगी पडली.

खरी परीक्षा

पैसे खर्च केले की आवाज सुधारल्यासारखा वाटतोच. ६५० डॉलर कानात बसून वाहवा करत असतात. म्हणून मी न सांगता ऐकायची परीक्षा घ्यायची ठरवली.

पद्धत अशी. दोन्ही ॲम्पचा आवाज तंतोतंत सारखा हवा. अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी माणसाला मोठा आवाज 'चांगला' वाटतो. फोनवरचं मीटर इथे चालत नाही. टेस्ट टोन लावून स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजायचे. एकावर २.०० असेल तर दुसऱ्यावर २.०२ च्या आत आणायचे. मग एका स्विचच्या खोक्यातून स्पीकर कधी या ॲम्पला, कधी त्या. (दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना क्षणभरही जोडली जाता कामा नयेत, नाहीतर धूर निघतो. स्विच त्या जातीचाच घ्या.) स्विचवर आमची नऊ वर्षांची लेक. तिने नाणं उडवायचं, आणि आम्ही पाठ करून सांगायचं. सोळा वेळा. सोळापैकी बारा बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी.

"आजोबा, ए का बी?" असं तिने अगदी टीव्हीवरच्या क्विझसारखं विचारायला सुरुवात केली.

निकाल: माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे ७३ डेसिबलला, मी ९ बरोबर, बाबा ७. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा बरं काही नाही. बाबांच्या आवाजात मी १४, बाबा १३. डग्गा लागला की लगेच कळत होतं.

हिशोबाने जे सांगितलं होतं तेच कानाने सांगितलं. हळू ऐकणाऱ्याला पॉवर ॲम्पने काही मिळत नाही. मोठ्याने ऐकणाऱ्याला, स्पीकर अवघड असेल तर, नक्की मिळतं. मी खूश. बाबाही म्हणाले, "आता तबला तबल्यासारखा वाजतोय."

आणि मग, "पण तंबोरा अजून नाही रे."

तंबोरा

मी आधी खोलीवर राग काढला. केलीव्हिलची घरं तुम्हाला माहीत आहेत. खाली सगळा हॉल, किचन, डायनिंग एकच मोकळं, टाइल्सची फरशी, मागे काचेचं सरकतं दार, आणि छतात डक्टेड एसी. फोनच्या मीटरवर एसी चालू असताना ४२ आणि बंद असताना ३१ आले. तंबोऱ्याचा बारीक भाग त्या अकरा डेसिबलखाली गाडला जात होता. जाड गालिचा टाकला, दाराला पडदे लावले, गाण्याच्या वेळी एसी बंद. मला खूप फरक जाणवला, खरं सांगायचं तर ॲम्पपेक्षा जास्त. बाबांना नाही.

बाबांना पहाटे साडेपाचला ललत ऐकायची सवय. न्यू साउथ वेल्समध्ये सकाळी आठच्या आधी शेजाऱ्याच्या खोलीत ऐकू जाईल असं संगीत लावायला बंदी आहे, म्हणून त्यांना माझे हेडफोन दिले होते. हेडफोनमध्ये ना खोली, ना एसी, ना पॉवर ॲम्प. तरी बाबा म्हणत, "यात पण तंबोरा कमीच आहे." हे वाक्य मी पंधरा दिवस ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पाडला लेकीने. परीक्षेचा खेळ तिला इतका आवडला की तिने टॅब्लेटवर टोन वाजवणारं ॲप काढलं आणि रविवारी दुपारी सगळ्यांना बसवलं. आवाज वर वर चढत गेला. तिला १५,००० पर्यंत ऐकू आलं, मला १४,००० च्या आसपास. बाबा ३,००० ला मान हलवत होते. ४,००० ला थांबले.

"वाजव की," बाबा म्हणाले.

"वाजतंय आजोबा!"

"कुठं वाजतंय?"

मला तो टोन शिट्टीसारखा स्पष्ट ऐकू येत होता. बायकोने माझ्याकडे बघितलं. लेक गंमत म्हणून हसत होती, बाबाही हसले, पण टॅब्लेट जवळ घेऊन त्यांनी कान लावला, आणि मग हसायचे थांबले.

तंबोऱ्याची गंमत अशी आहे की त्याचा जीव खालच्या स्वरात नसतो. घोडीवर दोरा सरकवून जी जवारी काढतात, तिच्यामुळे तारेतून वरचे अंश स्वर झरत राहतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहून दाखवलं होतं की इतर तंतुवाद्यांत जे अंश स्वर उमटायलाच नकोत ते इथे दमदार उमटतात. काळी एकचा षड्ज घ्या, १३८ हर्ट्‌झ. त्याचा विसावा अंश २,७०० च्या पुढे, तिसावा ४,१०० च्या पुढे. ती झिणझिण, तो झळाळ सगळा तिथे. वय झालं की कान आधी वरच्याच टोकाला थकतात. गायकाचा आवाज आणि डग्गा राहतो, जवारी जाते. म्हणून बाबा आवाज मोठा करत होते, म्हणून रिसीव्हर कापत होता, आणि म्हणून मी ६५० डॉलरचा ॲम्प आणला होता.

रात्री मला झोप लागली नाही. दर रविवारी फोनवर मी काही विचारलं की बाबा "हो, हो" म्हणायचे. "डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" "हो, हो, इकडे पाऊस नाही." मी समजायचो व्हॉट्सॲपची लाइन खराब आहे. आई होती तेव्हा तीच टीव्हीचा आवाज कमी करायची आणि फोनवर माझं बोलणं त्यांना परत मोठ्याने सांगायची. ती गेल्यावर हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही, आणि मला दहा हजार किलोमीटरवरून कळलं नाही. ४ ओहमला ॲम्प कसा वागतो हे मला माहीत होतं.

व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर नसतं, म्हणून खिशातून पैसे भरून ऑडिऑलॉजिस्टकडे नेलं. टॅब्लेटची परीक्षा म्हणजे निदान नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. त्यांचा आलेख मात्र माझ्यासारख्याला लगेच कळला. १,००० पर्यंत जवळपास सपाट, मग उतरता कडा, आणि ४,००० ला ५० डेसिबलचा खड्डा. साधा लो-पास फिल्टर.

बाबा आधी तयार नव्हते. "मी काय बहिरा झालोय? कानात भोंगे घालून दर्ग्यात बसू?" दोन आठवडे हा विषय बंद होता. शेवटी लेकीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला चष्मा आहे ना?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

यंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी बोलणं स्वच्छ ऐकू आलं, पण तंबोरा आधीपेक्षाही गेला! याचं कारण तांत्रिक आहे आणि तुमच्या घरी उपयोगी पडेल. ही यंत्रं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा किंवा ट्रॅफिक असं समजून ती तो दाबतात. तंबोरा एकसारखाच वाजतो, त्यांच्या दृष्टीने तोही पंखाच. परत जाऊन 'म्युझिक' प्रोग्रॅम टाकून घेतला, ज्यात ही दाबादाबी बंद असते. हे मागावं लागतं, आपण होऊन कुणी देईलच असं नाही.

त्या संध्याकाळी एसी बंद करून पुन्हा तीच तोडी लावली. माझ्या आवाजात, ७३ डेसिबलला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंचम बोलायला लागला." आणि थोड्या वेळाने, "तुझी आई म्हणायची, तुम्हाला ऐकू येत नाही. मला वाटायचं भांडायला निमित्त."

तर मंडळी, पॉवर ॲम्प घ्यावा का? मोठ्याने ऐकत असाल, स्पीकर ४ ओहमच्या आसपास जाणारे असतील आणि मोठ्या आवाजात थाप पत्र्यासारखी होत असेल, तर घ्या. वरची यादी बघून घ्या, फरक पडेल. हळू आवाजातच काही कमी वाटत असेल तर आधी गालिचा, पडदे आणि एसी. आणि घरातलं कुणी पूर्वीपेक्षा आवाज मोठा करत असेल, तर ॲम्पच्या आधी कान तपासा. चाळिशीच्या जवळ आलेल्यांनी स्वतःचेही तपासा.

मी ॲम्प विकलेला नाही. सध्या तो ०.१ वॅट देत निवांत बसलाय. बाबा एप्रिलअखेर मिरजेला परत गेले, पुढच्या वर्षी येतो म्हणालेत. परवा रविवारी फोनवर विचारलं, "डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" तर म्हणाले, "नाही गेलो. गुरुवारी जातो." उत्तर आवडलं नाही, पण प्रश्नाचंच होतं.

पुढच्या वेळी स्पीकरच्या वायरी आणि त्यांच्या किंमती यावर. ती चेष्टा वेगळीच आहे :-)

चू.भू.द्या.घ्या.

केलीव्हिलहून,
आपलाच